तासांचा हिशेब

लाईट जाणं ही आम्हा बेळगावकरांना नवी गोष्ट नाही. वळवाचं वारं सुटलं की ती जाते, मृगात एखादं झाड तारेवर पडलं की जाते, आणि यातलं काहीच घडलं नाही तर 'दुरुस्तीच्या कामासाठी सकाळी दहा ते संध्याकाळी चार' अशी पेपरात बातमी देऊन रीतसर जाते. ती गेली की आमच्या घरातून 'लाईट गेली!' आणि समोरच्या घरातून 'करंट होतु!' हे उद्गार एकाच क्षणाला निघतात. सीमाभागातला वाद बाजूला ठेवून दोन्ही भाषा एका सुरात बोलतात, असे जे थोडे प्रसंग आहेत त्यांपैकी हा एक.

पूर्वी लाईट गेल्यावर आम्ही अंगणात खुर्च्या टाकून गप्पा मारायचो. आप्पांसाठी घरात यंत्र आलं आणि त्या गप्पा थांबल्या.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत बत्तीस वर्षं काढली. वाळू, धूर आणि जोडीला विड्या. सत्तरी ओलांडल्यावर फुप्फुसांनी त्याचा हिशेब मागितला. सी.ओ.पी.डी. हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कॉन्सन्ट्रेटर हा शब्द देशभर सगळ्यांच्या तोंडी झाला. आमच्या घरी तो त्यानंतर आला, आणि कोरोनामुळे नव्हे तर कायमचा मुक्कामी म्हणून. डॉक्टरांनी लिहून दिलं : मिनिटाला दोन लिटर, दिवसरात्र मिळून किमान सोळा तास.

हे यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही, वेगळा काढतं. आपल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के. यंत्राच्या पोटात झिओलाइटचे बारीक खडे असतात. दाबून आत घेतलेल्या हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात, आणि नळीतून नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन येतो. पण त्यात साठा म्हणून काही नसतो. टाकी नसलेल्या मोटरपंपासारखी गत. वीज गेली की धार बंद. यंत्र जोरात 'पीं' करून तेवढं सांगतं.

पहिल्याच आठवड्यात ती 'पीं' तीनदा ऐकली. आप्पा शांत होते. रात्री त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि दम खात खात म्हणाले, "फौंड्रीत भट्टी चालू असताना करंट गेला तर काय होतं, ठाऊक आहे काय? रस भट्टीतच गोठतो की. लाखाचं नुकसान. म्हणून करंट गेल्यावर धावणारा माणूस तिथं टिकत नाही. कोणी काय धरायचं हे करंट असताना ठरलेलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही वही काढली.

पहिला हिशेब इन्व्हर्टरचा. आमचं यंत्र ३५० वॅट खातं. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर; गुणाकार केला की १८०० येतात आणि ३५० ने भागलं की पाच तास. पण बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. म्हणून नवी बॅटरी असतानाही साडेतीन तासच धरायचे. आप्पांचा कागदावर विश्वास नाही. एका रविवारी सिलिंडर शेजारी तयार ठेवून आम्ही मेन स्विच खाली ओढला आणि घड्याळ लावून बसलो. साडेतीन तास भरले. ही परीक्षा आता दर तीन महिन्यांनी होते, कारण बॅटरी म्हातारी होते आणि तसं कोणाला सांगत नाही. तिच्यातलं डिस्टिल्ड वॉटर बघायचं काम माझं. इन्व्हर्टर घेताना 'साइन वेव्ह'चाच घ्यावा, कॉम्प्रेसरला तोच मानवतो. आणि त्या लाइनीवर यंत्राखेरीज फक्त एक दिवा. टीव्हीला तिथं जागा नाही, मॅच असली तरी.

दुसरा हिशेब सिलिंडरचा. 'बी टाइप' म्हणतात त्या सिलिंडरात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. आम्ही दहाच धरतो. असे दोन सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं उभे बांधून ठेवलेत. चावी दोरीनं सिलिंडरलाच बांधलेली. ऐनवेळी चावी हरवते हा घरोघरचा नियम आहे. साडेतीन आणि वीस मिळून साडेतेवीस तास.

यातला तिसरा हिशेब मात्र कोणी सांगितला नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं, आपल्या जिल्ह्यातली कितीतरी गावं बुडाली आणि पुण्याचा हमरस्ता कोल्हापूरजवळ बंद पडला. मोठा पाऊस आला की वीज आणि रस्ता बरोबरच जातात. सिलिंडर भरून आणायचा तर रस्ता लागतो, दवाखान्यात जायचं तरी लागतो. म्हणून आम्ही ठरवून टाकलं : दुसरा सिलिंडर जोडला की लाईटची वाट बघायची नाही, आप्पांना घेऊन दवाखान्याकडे निघायचं. साठा संपल्यावर निघणं म्हणजे निघणं नव्हेच.

डॉक्टरांनीही एक गोष्ट बजावली होती. घाबरून ऑक्सिजन वाढवायचा नाही. या आजाराच्या काही रोग्यांना तो जास्त झाला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. आप्पांना बोटावरच्या यंत्राचा आकडा ८८ ते ९२ ठरवून दिला आहे. दुसऱ्याचा आकडा वेगळा असेल. ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावा आणि मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

आणि तेल. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-तूप लागलं तर भडका उडू शकतो. सिलिंडरच्या तोटीला हात लावायचा तो साबणानं धुऊनच. दिवाळीत हे फार सांभाळावं लागतं. अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरातल्या सगळ्यांचेच हात तेलकट! आप्पांच्या खोलीत पणती नाही, उदबत्ती नाही, फुलबाजी तर नाहीच. लक्ष्मीपूजन पुढच्या खोलीत होतं आणि ते दारातून पाहतात. नाकात तुपाचं बोट फिरवायची त्यांची जुनी सवयही सुटली.

हे सगळं मी एका कागदावर उतरवलं आणि खोलीच्या दाराशी चिकटवला. आप्पांनी चष्मा लावून वाचला नि विचारलं, "हे वाचणार कोण? तू घरात असशील तर कागद कशाला? आणि नसशील तर धावत कोण येणार?"

धावत येणार समोरची अक्का, नाहीतर तिचा मुलगा. दोघं आमच्याशी मराठीत बोलतात, पण वाचता येतं ते कानडी.

पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून या गावानं किती मोर्चे आणि किती लाठ्या पाहिल्या, हे वाचकांना मी सांगायला नको. मराठी पाटीचा माझा आग्रह आजही आहे, उद्याही राहील. पण आप्पांच्या दारावरच्या कागदाला दोन बाजू असणं भाग होतं. मुलीनं शाळेतल्या कानडीच्या जोरावर दुसरा कागद लिहिला, अक्कानं तिच्या चार चुका काढल्या. ओळी पाचच. हात साबणानं धुवा. सिलिंडर चावीनं हळू उघडा. गोळी दोनवर आणा. नळी यंत्रावरून काढून सिलिंडरला लावा. वेळ लिहा. खाली डॉक्टर, ॲम्ब्युलन्स आणि लाइनमन यांचे नंबर.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी लग्नासाठी कोल्हापूरला होतो. रात्री साडेनऊला झाड पडलं, गल्ली अंधारात गेली. इन्व्हर्टर एक वाजता बंद पडला. सिलिंडरची तोटी इतकी घट्ट होती की बायकोच्यानं फिरेना. तिनं अक्काला हाक मारली. मुलगा उठून आला. तो गॅरेजमध्ये कामाला आहे. रात्री उशिरापर्यंत गाडी खोलून आला होता, ग्रीस नखांत तसंच. तोटीकडे हात नेता नेता त्यानं टॉर्च दारावर मारला, पहिली ओळ वाचली आणि मोरीकडे वळला. हात धुऊन आला, चावी फिरवली, गोळी दोनवर आणली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहिली : १.१०. पावणेआठला वीज आली तेव्हा आप्पा झोपले होते. दुसऱ्या सिलिंडरला हात लावावा लागला नाही.

मी दुपारी परतलो. कॅलेंडरवरचे ते आकडे कानडी लिपीत होते. आप्पा म्हणाले, "पोरगं फौंड्रीत चाललं असतं बघ."

वीज कचेरीच्या शाखेत डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज दिला आहे. त्यानं वीज जायची थांबत नाही. पण आमच्या घरात असं यंत्र आहे हे लाइनमनला ठाऊक आहे, आणि फोन केला की तो अंदाज सांगतो. 'आत्ता येईल' आणि 'सकाळपर्यंत नाही' या दोन उत्तरांत आमच्यासाठी एका सिलिंडरचा फरक असतो.

खंडेनवमीला उद्यमबागेत यंत्रांची पूजा होते. आता आमच्या घरीही होते. त्या दिवशी कॉन्सन्ट्रेटरची जाळी धुवायची, बॅटरीची टोकं पुसायची, सिलिंडरचा काटा बघायचा, जुने नंबर खोडून नवे लिहायचे. अक्काचा मुलगा येतो, एकदा चावी फिरवून बघतो. मग यंत्रावर झेंडूचं एक फूल ठेवायचं. उदबत्ती बाहेर, तुळशीपाशी. आप्पा नळी सावरत हात जोडतात, आणि आधी घड्याळाकडे, मग त्या पोराकडे बघून मान हलवतात.