थांबण्याचा हिशोब

१९९९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. प्रश्न असा होता: संगणकावर करायची एखादी आकडेमोड फार मोठी असेल, तर ती आज सुरू करावी, की थोडं थांबून, पुढचा वेगवान संगणक घेऊन मग सुरू करावी? निबंधाचा सूर हलकाफुलका आहे, पण गणित चोख आहे. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं, तर २६ महिन्यांपेक्षा जास्त चालणारं काम आज सुरू करण्यात तोटा आहे. समजा, आजच्या संगणकावर ४० महिने लागणार आहेत. ११ महिने काहीच करू नका, मग नवा संगणक घ्या. त्यावर तेच काम साधारण २६ महिन्यांत उरकेल. एकूण ३७. थांबलेला माणूस तीन महिने आधी पोचतो.

पुढे २००६ साली अँड्र्यू केनेडी यांनी हाच विचार थेट ताऱ्यांच्या प्रवासाला लावला. सुमारे सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याकडे आज यान सोडलं, तर काही दशकांनी निघालेलं अधिक वेगवान यान त्याला वाटेत मागे टाकेल. मग निघायचं कधी? त्यांच्या गणितातही निघण्याची एक योग्य वेळ येते. तिच्या आधी निघालात तरी नुकसान आणि नंतर निघालात तरी.

मला हे दोन्ही हिशोब मनापासून आवडतात. थांबणं आपल्याकडे एरवी चालढकलीच्या खात्यात जमा होतं. इथे ते विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाच्या खात्यात जातं. गेल्या हिवाळ्यात माझ्या लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला तेव्हा हे गणित पुन्हा आठवलं, आणि ते मला कुठपर्यंत उपयोगी पडतं ते तपासून पाहावंसं वाटलं.

लॅपटॉप २०१७ च्या गुढीपाडव्याला घेतलेला. मी पुण्यात प्रकाशकांसाठी संपादन, मुद्रितशोधन आणि पानं लावण्याचं काम करते, आणि या मशीनवरून बरीच पुस्तकं छापायला गेली आहेत. अलीकडे ते सुरू केल्यावर कडेचा बारीक दिवा कितीतरी वेळ नुसता लुकलुकत राहायचा. लेखकाचा फोन यायचा, ‘त्या पानावर एवढा एकच शब्द बदलायचाय’, आणि ते पान उघडेपर्यंत आमचं हवापाण्यावर बोलून संपायचं. दुपारी पंख्याचा आवाज चढायचा आणि मग टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला उशीर लागायचा.

त्यातच तारीख येऊन गेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित साहाय्य संपलं. विंडोज ११ साठी ज्या इंटेल प्रोसेसरांची यादी आहे ती थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि आठव्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर आले ऑगस्ट २०१७ मध्ये. माझा सातव्या पिढीचा. पाडव्याऐवजी दसऱ्याला खरेदी केली असती तर हेच मशीन कदाचित यादीत बसलं असतं. यादीमागे सुरक्षिततेची कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. पण सुरक्षिततेची दुरुस्ती मिळणं बंद होणं आणि यंत्र निकामी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात उभं राहिलं की त्या एकच असल्यासारख्या कानावर पडतात. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतनं घेता येतात. म्हणजे तारीख होती, पण ती आज संध्याकाळची नव्हती.

माझा भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने एका वाक्यात निकाल दिला: “मावशी, नऊ वर्षांच्या मशीनमध्ये कशाला पैसे घालतेस? नवीन घे आणि मोकळी हो.” त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे. तो प्रोग्रॅम लिहितो, तो बांधून तयार होईपर्यंत वाट पाहतो, चूक दुरुस्त करतो, पुन्हा वाट पाहतो. त्याच्या दिवसाचा मोठा भाग यंत्राच्या वेगाने जातो. यंत्र दुप्पट वेगाने चाललं की त्याचा दिवस खरोखरच मोठा होतो. अ‍ॅरिझोनाच्या खगोलशास्त्रज्ञांचंही तेच होतं.

माझं काम मात्र वाचण्याचं आहे. ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक, वाक्यात चुकून दोनदा आलेला ‘तर’, मागच्या प्रकरणात ‘काकू’ असलेली बाई या प्रकरणात ‘मामी’ झाली आहे हे लक्षात येणं, हे सगळं माझ्या डोळ्यांच्या वेगाने होतं. प्रोसेसर कितीही पिढ्या पुढचा असो, तीनशे पानांचं पुस्तक मला तेवढाच वेळ घेणार. म्हणून माझ्यापुरता प्रश्न बदलला. किती वेगवान मशीन आलं आहे, यापेक्षा माझं आत्ताचं मशीन मला नेमकं कुठे अडवतं, हे आधी बघायला हवं होतं.

ते बघायला मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. गल्लीतून वाट काढत, वायरींच्या भेंडोळ्यांवरून पाय टाकत आत गेलं की अशी दुकानं आहेत जिथे काउंटरवरच लॅपटॉप उघडतात. दुरुस्ती करणारा मुलगा पंचविशीतला असेल. त्याने खालचे स्क्रू काढले आणि ते ज्या जागेवरून निघाले त्याच आकारात एका लोहचुंबकी पट्टीवर मांडून ठेवले, म्हणजे लांब स्क्रू आखूड जागी जाणार नाही. मग नखाएवढ्या प्लास्टिकच्या पातीने कड सैल करत करत झाकण उचललं. पंख्याची हवा ज्या बारीक जाळीतून बाहेर पडते, तिच्या आतल्या अंगाला धुळीचा सलग थर धरला होता. त्याने चिमट्याने ओढल्यावर तो अख्खाच निघाला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली होती. “ताई, प्रोसेसरला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “ह्याची डिस्क दमलीय, आणि ह्याला श्वास घेता येत नाहीये.”

ते वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं, कारण जुन्या लॅपटॉपचं निदान त्यात जवळजवळ पूर्ण आहे. प्रोसेसरची उष्णता बाहेर गेली नाही की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. आपल्याला वाटतं यंत्र म्हातारं झालं. प्रत्यक्षात ते जपून चाललेलं असतं. पंखा साफ झाला, नवी पेस्ट लागली की गेलेला बराचसा वेग परत येतो.

डिस्कची गोष्ट याहून मोठी आहे. माझ्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती चकतीच्या ज्या भागावर आहे तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला हवं, त्याला आणखी दहा-बारा. एक कण शोधायला पंधराहून अधिक मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण संगणक सुरू होताना असे हजारो कण चकतीभर विखुरलेल्या जागांवरून गोळा करावे लागतात आणि ही डिस्क सेकंदाला साठ-सत्तरच देऊ शकते. एसएसडीत फिरणारं काही नाही, सरकणारं काही नाही. ती तेवढ्याच वेळात हजारो वाचनं करते. मी जो काळ लुकलुकत्या दिव्याकडे बघत घालवत होते तो जवळजवळ सगळा त्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांचा होता.

रॅमचा संबंधही याच्याशीच आहे. टेबलावरची जागा संपली की कागद कपाटात ठेवायचे आणि लागतील तसे उठून आणायचे, तसं रॅम भरल्यावर संगणक मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो. कपाट जवळ असेल तर हे खपून जातं. फिरणाऱ्या डिस्कपाशी ते कपाट दुसऱ्या गावात असतं. म्हणून ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क हे जोडीने नकोसं होतं, आणि ८ जीबी रॅम आणि एसएसडी यांच्यावर माझं काम व्यवस्थित निभतं.

रॅमचा दुसरा स्लॉट माझ्या मशीनमध्ये मोकळा आहे. तिथे आणखी ८ जीबी घालावी असं मनात होतं. पण भाव ऐकल्यावर थांबले, आणि इथे तो १९९९ चा हिशोब एका वेगळ्याच कारणाने डळमळतो. थांबलं की तीच वस्तू स्वस्त मिळते, हे त्याचं गृहीतक. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये, आणि सुधारून १९७५ मध्ये, चिपवरच्या ट्रान्झिस्टरांच्या वाढीचं जे भाकीत केलं त्यावर आपण सगळे इतकी वर्षं ग्राहक म्हणूनही विसंबून होतो. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव उलटे चढले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून इतकी मागणी आली की त्यांचं उत्पादन तिकडे वळलं. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरी बसून स्क्रू काढून रॅम बदलणाऱ्या जगभरच्या कितीतरी लोकांनी तोच ब्रँड वापरला होता. जुन्या डीडीआर-४ चे भावही वाढले, कारण ती बनवणंच कमी होत चाललं आहे. त्यामुळे ‘थांबू, उतरेल’ असं आता डोळे मिटून म्हणता येत नाही. मी थांबले ते रॅमवाचून माझं अडत नव्हतं म्हणून.

नवा लॅपटॉप घेण्यातही हीच मेख आहे. पातळ लॅपटॉपांपैकी अनेकांत मेमरी आता बोर्डावरच डाखलेली असते. अ‍ॅपलच्या नोव्हेंबर २०२० पासूनच्या एम-मालिकेत ती प्रोसेसरच्याच वेष्टनात असते. मोकळा स्लॉट नाही, पुढे भर घालायची सोय नाही. आपलं काम पाच वर्षांनी कसं असेल हे खरेदीच्या दिवशीच ठरवून त्याचे पैसे मोजायचे. सुधारणेचा निर्णय हळूहळू ग्राहकाच्या हातातून कारखान्यात गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्यामुंबईतल्या, आणि खरं तर तालुक्याच्या गावांतल्याही, किती मुलांची पहिली संगणकशाळा म्हणजे कुणाचं तरी मशीन उघडून त्यात रॅमची पट्टी बसवणं ही होती! शिवाय लॅपटॉपच्या आयुष्यातल्या कर्ब उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना नाही, तो बनवताना होतो. चालतं मशीन दोन-तीन वर्षं जास्त वापरणं हा त्या बाबतीतला सर्वांत सोपा उपाय आहे.

पण मशीनपेक्षा मला जास्त काळजी त्याच्या आत काय आहे याची आहे.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. मराठी छपाई मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं पेजमेकर आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टसंचांवर चालली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. अनेक डीटीपीवाल्यांकडे ती अजून कुठल्या तरी कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर जपून ठेवलेली आढळेल. त्या फॉन्टसंचांत प्रत्येकाची मांडणी वेगळी: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट असेल तर पानावर मराठी कविता दिसते, नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग. माझ्या लॅपटॉपवर अशा शेकडो फाइली आहेत. त्यांतल्या काही पुस्तकांचे प्रकाशक राहिले नाहीत, काहींचे लेखक राहिले नाहीत, आणि दुसरी आवृत्ती निघाली तर ती या फाइलींवरूनच निघणार आहे.

त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत आणि ती बरीच चांगली आहेत. पण नंतर प्रत्येक ओळ वाचावीच लागते. परवा एका प्रवासवर्णनात सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ रूपांतरानंतर ‘दर्या’ होऊन बसल्या होत्या. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला त्यात काही खटकलं नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. डोंगराच्या वर्णनात समुद्र आला आहे हे वाचणाऱ्यालाच कळतं. रफार एका अक्षराने पुढे सरकतो, जोडाक्षराचा पाय तुटतो, अवतरणचिन्हाच्या जागी अनुस्वार येऊन बसतो.

या कामाला थांबण्याचं ते गणित लागू पडत नाही. ११ महिने थांबून नवं मशीन घेतलं तरी वाचायच्या ओळी तेवढ्याच राहतात, आणि दरम्यान ते पुस्तक हातात धरून ‘इथे मूळ शब्द काय होता’ हे सांगू शकणारी माणसं मात्र कमी होतात. डिस्कही कायमची नसते, मग ती फिरणारी असो की न फिरणारी. त्यामुळे सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्याच्या घरी, एवढं मी सर्वांत आधी केलं. जुन्या हार्ड डिस्कलाही डबीत घालून ठेवलं आहे.

तर सध्याची व्यवस्था अशी: एसएसडी बसली, पंखा साफ झाला, वाढीव अद्यतनं सुरू केली, रॅमचा स्लॉट रिकामा आहे. भाचा म्हणाला त्यात तथ्य आहेच, ऑक्टोबर २०२६ जवळ आला की नवीन घ्यावाच लागेल. तेव्हा दुकानात गेल्यावर आधी खालचं झाकण उघडता येतं का ते विचारीन, मग मेमरी बदलता येते का ते. पडदा थोडा उंच हवा, कारण उकार-वेलांट्यांमुळे देवनागरीच्या ओळी जागा जास्त घेतात आणि रुंद-बुटक्या पडद्यावर पानाचं अर्धंच अंग दिसतं. तोवर रूपांतराचं काम रोज सकाळी थोडं थोडं चालू आहे. सुरुवात त्या पुस्तकांपासून केली आहे ज्यांच्या लेखकांना अजून फोन करता येतो. प्रवासवर्णनाचे लेखक ऐंशीच्या घरात आहेत, आणि घाटांच्या नावांची यादी घेऊन त्यांच्याकडे गुरुवारी जायचं आहे.