सात बोटांची हवा

शहादा अजून दूर होतं आणि आबा म्हणाले, "गाडी बाजूला घे." दार उघडून ते सावकाश उतरले आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाला हात टेकून उभे राहिले. त्यांचं मणक्याचं दुखणं सुरू होऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि आम्ही डॉक्टरांकडे निघालो होतो. मान घामाने भिजली होती. "आधी या गाडीत असं होत नव्हतं रे," एवढंच बोलले. मी गाडीकडे पाहिलं. सतरा इंची काळी-चंदेरी अलॉय व्हील्स उन्हात चमकत होती. आठच दिवसांपूर्वी सुरतेहून बसवून आणली होती.

ती बसवायची हौस माझीच होती. त्या वर्षी पपईला बरा भाव मिळाला होता, कर्जाचा हप्ता वेळेवर गेला होता आणि हातात थोडे पैसे उरले होते. आमची स्विफ्ट साधी, स्टीलच्या चौदा इंची रिमची. गावात कुणाची गाडी दारासमोर उभी राहिली की आधी नजर जाते ती चाकांवर. दुकानात मला सांगितलं गेलं की चाकं मोठी झाली की गाडी उंच होते, खड्डे कमी लागतात, रस्ता घट्ट पकडते. तिन्ही गोष्टी मी खऱ्या मानल्या. त्यातली एकच खरी होती.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परत आलो. आबांना खाटेवर टेकवलं आणि अंगणात गाडीजवळ बसलो. जुनी चाकं कापसाच्या खोलीत ठेवली होती, त्यातलं एक बाहेर काढून नव्या चाकाशेजारी उभं केलं. खाटेवर पडल्या पडल्या आबा बघत होते. म्हणाले, "बोटं लावून बघ." रिमच्या काठापासून टायर जमिनीला टेकतं तिथपर्यंत मी बोटं लावली. जुन्याला सात बोटं भरली. नव्याला पाच.

मग टायरच्या कडेवरचे आकडे नीट वाचले. ते आजवर कधी वाचलेच नव्हते. जुन्यावर १६५/८० आर १४. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलीमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम चौदा इंचाची. कडेची उंची १३२ मिलीमीटर भरते. नव्यावर २०५/४५ आर १७, म्हणजे कडेची उंची जेमतेम ९२. सरळ चार सेंटिमीटर गेले होते. पुढचा हिशेब केला तेव्हा जास्त वाईट वाटलं. रिम आणि दोन्ही बाजूंच्या कडा मिळून जुनं चाक ६२० मिलीमीटर उंच होतं, नवं ६१६. मी चाक मोठं केलंच नव्हतं. रिम मोठी केली होती आणि मधली हवा कमी केली होती. गाडी उंच व्हायच्या ऐवजी दोन मिलीमीटर खाली आली होती.

आबांना मी हे सांगितलं तर ते गाडीच्या चाकाकडून बैलगाडीच्या चाकाकडे वळले. त्यांच्या तरुणपणी घरी लाकडी चाकांची गाडी होती. चाक छातीला लागायचं. लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. धाव आवळली की आरे जागच्या जागी घट्ट बसायचे. एवढं मोठं चाक लहान खड्ड्यात उतरायचंच नाही, वरून निघून जायचं. पण दगड लागला की हादरा थेट पाठीत, कारण धाव म्हणजे नुसतं लोखंड. "टायरगाडी आली आणि पाठ सुटली," असं आबा म्हणाले. चाक लहान झालं तरी पाठ सुटली, कारण आत हवा आली.

१८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचं टायर बसवलं, तेही मुलाला हादरे बसू नयेत म्हणून. हा माणूस गुरांचा डॉक्टर होता. आबांना हे फार आवडलं. गुरांच्या डॉक्टरला अंगाला बसणारा हादरा कळणारच, असं त्यांचं मत पडलं. मलाही ते पटतं. बापाने मुलासाठी जी हवा चाकात भरली, ती मी बापाच्या खालून काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी एक चाक उतरवून पपईच्या वजनकाट्यावर ठेवलं. स्टीलची रिम आणि टायर मिळून चौदा किलोला थोडं कमी. नवं अलॉय टायरसकट एकोणीस. अलॉय म्हणजे हलकं, हाही समज गेला. चांगल्या बनावटीची, त्याच मापाची अलॉय हलकी असते. पण माप तीन इंच वाढवून स्वस्तातली घेतली तर ती जड भरते. आणि हे वजन शॉकअपच्या खालचं. डिकीत पाच किलोचं पोतं ठेवलं तर गाडीला कळतसुद्धा नाही. तेच पाच किलो चाकात वाढले की खड्ड्यातून वर उसळलेलं चाक परत रस्त्याला टेकवताना स्प्रिंग आणि शॉकअप दमतात. बारीक खडी, डांबराचे उंचवटे, गतिरोधकाच्या पट्ट्या हे सगळं आधी टायरची हवा गिळते आणि उरलेलं शॉकअपकडे जातं. हवाच कमी केली तर सगळं आबांच्या मणक्याकडे.

आणखी एक दोष तेव्हाच सापडला. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग दोनदा करूनही थांबलं नव्हतं. व्हर्नियर लावून पाहिलं. गाडीचा हब ५४ मिलीमीटरचा, रिमचं मधलं भोक ७३ चं. मध्ये बसवायची कडी कुणी दिलीच नव्हती, त्यामुळे चाक नेमकं मधोमध बसत नव्हतं.

नव्या चाकांचं एक मात्र खरं होतं. बसवली त्याच आठवड्यात मी एकटा तोरणमाळला गेलो होतो. सातपायरी घाटाच्या वळणांवर गाडी कलत नव्हती, स्टिअरिंग वळवलं की लगेच तोंड वळवत होती. बुटकं, रुंद टायर वळणात मुरडत नाही, त्यामुळे असं होतं. गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने गाडी चालवणाऱ्याला ते सुख घ्यायचं असेल तर त्याने जरूर घ्यावं. आमचा रस्ता मात्र उसाच्या ट्रॉल्यांचा, केळी-पपईच्या ट्रकांचा आणि पावसाळ्यात फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचा.

त्या फरशीनेच शेवटचा निकाल दिला. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, पुढचं डावं चाक धाडकन आत गेलं. रिम वाकली. पंक्चरवाल्याने टायरच्या कडेवरून तळवा फिरवला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. लिंबाएवढा फुगा आला होता. "दादा, आतला दोरा तुटलाय. हे आता चालवू नका, केव्हाही फुटेल." कड बुटकी असली की रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये टायर चेपतं आणि आतले धागे तुटतात. पंक्चर काढता येतं, फुगा काढता येत नाही.

जुनी चौदा इंची चाकं त्याच संध्याकाळी चढवली. त्यांची नक्षी झिजल्यावर पंधरा इंची घेतली, १८५/६५ आर १५; याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी हेच माप देते. कडेची उंची १२०, चाकाची एकूण उंची ६२२ च्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. शिवाय वजन पेलायचा आकडा ८८, म्हणजे एका टायरमागे ५६० किलो. जुन्यावर तो ८५ होता, म्हणजे ५१५ किलो. सतरा इंचीवर ८४, म्हणजे ५००. चाक रुंद दिसतं म्हणून जास्त पेलतं असं नाही, हे मला या आकड्यांनी शिकवलं. बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडेही आता मी बघितल्याशिवाय टायर घेत नाही.

दत्तजयंतीला आबांना सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला घेऊन गेलो. घोडे घ्यायचे नव्हतेच, पण रेवाल चालीचे घोडे बघायची त्यांची जुनी हौस. रेवाल चालीत घोडा असा जातो की स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही. कुंपणाला टेकून ते बराच वेळ बघत होते. मला म्हणाले, "घोडा घेताना चाल बघतो ना आपण? रंग नंतर." मी मान हलवली. परतीच्या वाटेवर दारावरचा दांडा त्यांनी धरला नव्हता. फरशी आली तेव्हा मीच वेग कमी केला.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, टायर थंड असताना मी गेज लावतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढीच हवा, ना कमी ना जास्त. आबा काठी टेकत येतात, चारही चाकांजवळ थांबतात आणि प्रत्येक चाकापाशी तेच विचारतात, "भरली ना बरोबर?"