पातळ तार

विमान म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम पंख येतात, मग इंजिन. त्याच्या पोटातून फिरणाऱ्या तारांचा विचार सहसा कोणी करीत नाही. इच्छापोरला मुलाकडे राहावयास आल्यापासून तापीपलीकडच्या सुरत विमानतळावर उतरणारी विमाने गच्चीतून न्याहाळणे हा आमचा सायंकाळचा विरंगुळा झाला आहे. परंतु विमानाच्या अंतरंगाशी ओळख करून दिली ती आमच्या भाच्याने. तो विमान-देखभाल अभियंता असून वैमानिक घडविणाऱ्या एका संस्थेतील छोट्या विमानांची निगा राखतो. गेल्या दिवाळीत तो चार दिवस आमच्याकडे होता.

छोट्या विमानाचा विषय निघाला की आम्हां धुळेकरांना कॅप्टन अमोल यादव यांची आठवण होते. कांदिवलीच्या चारकोपमधील राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, 2017 साली त्याची नोंदणी झाली आणि 2020 साली आमच्या धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले. गच्ची, पंख आणि परवानग्यांसाठीचा दीर्घ लढा यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचले होते. आम्ही भाच्यास विचारले, “असे विमान बांधणाऱ्यास सर्वांत जपून काय करावे लागत असेल?” तो म्हणाला, “मामा, पंख चुकला तर दिसतो. तार चुकली तर दिसत नाही.”

मग त्याने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून समजावले. इंजिन फिरू लागले की त्यास जोडलेला अल्टरनेटर वीज निर्माण करतो. मात्र त्यासाठी त्याच्या आतील गुंडाळीस आधी बॅटरीकडून थोडी वीज उसनी घ्यावी लागते. ही उसनवारी किती असावी हे रेग्युलेटर ठरवितो. दिवे लागले, रेडिओ सुरू झाला, की मागणी वाढते आणि विजेचा दाब उतरू पाहतो. रेग्युलेटर गुंडाळीतील प्रवाह वाढवितो व दाब पूर्ववत होतो. 24 व्होल्टची बॅटरी असलेल्या विमानात हा दाब सुमारे 28 व्होल्ट राखला जातो. अल्टरनेटरकडून सर्व उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीकडे येणारी तार जाड असते, कारण विमानाचा सारा भार ती वाहते. रेग्युलेटरकडे जाणारी तार मात्र पातळ. अनेक छोट्या विमानांत ती त्या पट्टीवरून निघते, सर्किट ब्रेकर आणि मास्टर स्विच यांतून जाते, आणि गुंडाळीस लागणारा प्रवाह नेता नेता दाबाची वार्ताही रेग्युलेटरला देते.

भाच्यापुढे आलेला प्रसंग या पातळ तारेचाच होता. एका विमानात अॅमीटरचा काटा सतत थरथरत असे. पूर्वी दोन वेळा रेग्युलेटर बदलून झाला होता. चार दिवस बरे जात, पुन्हा थरथर सुरू. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांचे रात्रीचे उड्डाण ठरलेले. वरिष्ठांचे म्हणणे पडले, तिसरा रेग्युलेटर बसवा आणि विमान मोकळे करा. याने सही करण्यास नकार दिला व रात्री मीटर घेऊन बसला. रेग्युलेटरच्या टोकाशी दाब बरोबर 28 व्होल्ट. पट्टीवर मात्र 29 च्या वर, तोही डोलणारा. स्विचच्या पाठीमागे तारेच्या टोकाचा लग हिरवट थराने भरला होता. त्या सांध्यात सव्वा व्होल्ट गळत होता. रेग्युलेटर इमानदार होता. त्याला वार्ताच कमी मिळत होती, म्हणून तो अधिकाधिक वीज मागत होता. मागणी वाढली की सांध्यातील गळती वाढे, आणि काटा नाचू लागे.

एवढ्याने काय बिघडते, असे आम्ही विचारले. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर चालते. तिला या विजेची गरज नसते. वीज गेली तरी इंजिन बंद पडत नाही. परंतु वाढत्या दाबाने बॅटरी तापते, आणि दाब मर्यादेपलीकडे गेला की संरक्षक रिले अल्टरनेटरला तोडून टाकतो. मग उरते ती बॅटरी. ती सुस्थितीत असली तर साधारण अर्धा तास पुरते. इथे ती आधीच तापून खंगलेली. तीही सरली की रेडिओ मुका, दिवे मालवलेले, आणि काळोखात एकोणीस-वीस वर्षांचे पोर.

हे ऐकताना आम्हांस महसूल खात्यातील आमची वर्षे आठवली. पिकांची पैसेवारी गावात ठरते. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशा सांध्यांतून ती वर चढते. ती 50 पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. एखाद्या सांध्याशी दोन-चार पैसे इकडचे तिकडे झाले, तर वरचा निर्णय नियमास धरून असतो आणि तरीही शेतकऱ्याच्या घरी चूल पेटत नाही. अशा वेळी वरचा अधिकारी बदलण्याची मागणी होते. तो बदलतो, नवा येतो, त्याच तारेवर विसंबतो आणि तसाच निर्णय देतो. अधिकारी बदलणे सोपे, कारण तसा आदेश काढता येतो. सांधा शोधावयाचा तर कोणीतरी मीटर घेऊन, मान वाकडी करून, स्विचच्या पाठीमागे पाहावे लागते.

भाच्याने लग बदलला, जोडणी घासून स्वच्छ केली, पुन्हा दोन्ही टोकांस दाब मोजला. अंतर नाहीसे झाले, काटा स्थिरावला. मगच त्याने सही केली आणि विमान ठरल्या वेळी उडाले. त्या रात्रीच्या कामाची नोंदवहीतील नोंद अवघ्या एका ओळीची आहे. आम्ही सेवेत असताना लिहिलेल्या कित्येक पृष्ठांच्या अहवालांहून ती आम्हांस मोलाची वाटते.