पैशाचे सोंग

'किंग लिअर' शिकविताना एका ठिकाणी आम्हाला दरवर्षी थांबावे लागते. बापाच्या कोपातून जीव वाचविण्यासाठी एडगर वेड्या भिकाऱ्याचे रूप घेतो, ते हे ठिकाण. हे रूप शेक्सपिअरने कल्पनेतून काढलेले नाही. लंडनच्या बेडलम या वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आल्याची बतावणी करून भीक मागणाऱ्यांना त्या काळच्या बोलीत 'अब्राहम मॅन' असे नावच होते. आपल्याकडे लोक वेड पांघरून पेडगावला जातात, हे बेडलमहून येत, असे आम्ही म्हणतो आणि वर्ग हसतो.

मग आम्ही टॉमस हार्मनकडे वळतो. केंट परगण्यातील या जमीनदाराने १५६७ च्या सुमारास भटक्यांवर एक पुस्तक छापले आणि त्यांच्या चोरबोलीतील शब्द त्यात नोंदविले. मुक्याचे सोंग घेणारा तो 'डॉमरर'. दाहक वनस्पती लावून अंगावर क्षते उठविणारा तो 'पॅलियर्ड'. अपस्माराचा झटका आल्याचे भासविणारा तो 'काउंटरफिट क्रँक'. यातला 'क्रँक' हा आजारी या अर्थाच्या जर्मन 'क्रांक'चा सोयरा. निकोलस जेनिंग्ज नावाचा असा एक क्रँक तोंडात साबण धरून फेस काढी. आपण बेडलममध्ये होतो असे तो म्हणाला. हार्मनने तेथे चौकशी करविली, तेव्हा ते खोटे ठरले. पुढे न्यूइंग्टनला त्याचे चांगले घरही निघाले, असे हार्मन सांगतो. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा'त (१९१५) फिरस्त्यांची झाडाझडती घेतली आहे. पण साबणाच्या फेसाची गोष्ट विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहते. आमच्याही राहिली होती.

काही वर्षांपूर्वी असाच तास आटोपून संध्याकाळी आम्ही घाटकोपर स्थानकावर उतरलो. फलाटावर, पुलाच्या जिन्यापाशी, मळक्या कपड्यांतला एक माणूस कोसळला. हातपाय झाडू लागला. तोंडाला फेस आला. आमच्या मनात त्या क्षणी जो शब्द उमटला, तो सांगायला आज संकोच वाटतो. तो शब्द होता 'साबण'. आम्ही वळसा घालून जिना चढू लागलो, आणि या प्रसंगाचा पुढच्या तासाला उपयोग होईल, हा विचारही मनात येऊन गेला.

जिन्याच्या मध्यावरून मागे पाहिले. बूट पॉलिशवाल्याने आपली पेटी बाजूला सारून त्या माणसाला कुशीवर वळविले होते. कोणी चप्पल हुंगवायला पुढे केली, ती त्याने दूर लोटली. खाली उतरलो तेव्हा त्या माणसाच्या खिशातून सरकारी दवाखान्याचा घडी घातलेला केसपेपर आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी बाहेर पडली होती. मुख्य म्हणजे, त्याने कोणाकडे काही मागितलेच नव्हते. भिकारी तो आमच्या मनात झाला होता.

पुढे कुतूहलाने आम्ही मुंबईचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा उघडून पाहिला. भीक मिळविण्यासाठी व्रण, जखम, व्यंग वा रोग दाखविणे, हेही त्याच्या व्याख्येनुसार भीक मागणेच. ते व्रण खरे की खोटे, हे ही व्याख्या विचारीत नाही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा ठरल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता. त्यासाठीचे भिक्षेकरी गृह आमच्या शेजारीच, चेंबूरला. हाच कायदा दिल्लीतही लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथपुरत्या त्याच्या प्रमुख तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. माणसे हौसेने नव्हे, गरजेपोटी भीक मागतात, ही त्या निकालाची भूमिका.

हार्मनने निदान चौकशी तरी केली होती. आम्ही तेवढेही केले नाही. एक जेनिंग्ज आम्हाला शेकडो आजाऱ्यांकडे पाठ फिरवायला पुरला. शब्द माहीत असला की माणूस ओळखता येतो, अशी आम्हा शिकविणाऱ्यांची एक समजूत असते. त्या संध्याकाळी शब्द अगदी अचूक आठवला आणि माणूस मात्र ओळखता आला नाही.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. आजाराचे सोंग घेऊन फलाटावर लोळणाऱ्या माणसालाही हे लागू आहे. त्याचा झटका खोटा असेल, पण चार नाण्यांसाठी जिन्यापाशी लोळण्याची पाळी खोटी असेलच असे नाही.

'किंग लिअर' आम्ही अजूनही शिकवितो. हार्मनचे शब्दही सांगतो. फक्त आता तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे राखून ठेवतो आणि घाटकोपरच्या जिन्याची हकीकत सांगतो. त्या वेळी वर्ग हसत नाही.