कृष्णा दोनदा लागते

पुण्याहून कुपवाडला मोटारीनं निघालं की वाटेत कृष्णा दोनदा लागते. पहिल्यांदा भुईंजजवळ. महाबळेश्वरावरून वाईमार्गे खाली आलेली, अजून अंगानं बारीक. पूल लांबण्याआधीच संपतो आणि ती डाव्या हाताला शेतांत निघून जाते. पुढं माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडला कोयना समोरून येऊन भिडते. आपण मात्र महामार्गानं पेठ नाक्यापर्यंत जातो, डावीकडं वळतो, इस्लामपूर, आष्टा मागं टाकतो आणि सांगलीवाडी संपता संपता आयर्विन पुलावर ती पुन्हा समोर येते. तोवर ती चांगली भरलेली असते.

हे मला वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एसटीत शिकवलं. माझं आजोळ शिरवळचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कुपवाडहून तिथं लाल गाडीनं जायचो. आईच्या मांडीवर धाकटा भाऊ, खिडकीशी मी आणि पलीकडं अण्णा. मी हटकून झोपायचे आणि भुईंज आलं की अण्णा खांद्याला हात लावून उठवायचे, ‘‘ऊठ, कृष्णा आली.’’ मुठीत दहा पैसे द्यायचे. खिडकीच्या गजातून ते नाणं पाण्यात टाकायचं आणि हात जोडायचे. आयर्विनवर निघताना टाकलेलं असायचंच. दोन्हीकडची नदी एकच, हे मला बरीच वर्षं खरं वाटत नव्हतं. नकाशात बोट फिरवून अण्णांनी दाखवलं, तेव्हा पटलं.

अण्णा कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत होते. आमचं घर कारखान्यांच्या भोंग्यांवर चालायचं. आईला घड्याळ बघावं लागत नसे. संध्याकाळी अण्णा आले की शर्टाला तापलेल्या वाळूचा आणि तेलाचा वास असायचा. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका झाली. कागदावर आम्ही शहरात गेलो. पण आजही विश्रामबागेकडं रूळ ओलांडून निघालं की अण्णा म्हणतात, ‘‘सांगलीला जाऊन येतो.’’ गाव असं मनातून पुसलं जात नाही आणि ते पुसलं जाऊही नये, असं मला वाटतं.

शिकायला मी पुण्याला गेले आणि रस्त्याची दिशा उलटली. आता घर त्या टोकाला होतं. सांगलीची थेट गाडी मिळाली नाही की कोल्हापूरच्या गाडीत बसायचं आणि पेठ नाक्यावर उतरायचं. पहाटेचा पेठ नाका ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. चहाच्या गाड्यावर स्टोव्हचा आवाज, अंगावर शाल घेतलेली माणसं, पिशव्या पायांत धरून उभ्या असलेल्या मुली. महामार्गावरून गाड्या कोल्हापूरकडं सुसाट जात असतात आणि आपण सांगलीच्या गाडीची वाट बघत असतो. तिथंच एका बूथवरून घरी फोन करायचा. पलीकडून पहिला शब्द ठरलेला, ‘‘कुठवर आलीस?’’ पेठ म्हटलं की आई पाणी तापवायला ठेवायची.

२०१९च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न आम्ही उलटा विचारला. तेव्हा पुण्यात बसून आम्ही सांगलीला फोन करत होतो, ‘‘आयर्विनला किती झालं?’’ सांगलीकर पावसाळ्यात पाणी फुटांत मोजतात. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्या वर्षी पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलानं २००५चा पूर पाहिला होता, तोही मागं पडला. महामार्ग कोल्हापूरजवळ बंद, आमचा रस्ता पाण्याखाली. निघायचं म्हटलं तरी निघता येत नव्हतं. कुपवाड उंचावर आहे, तिथं पाणी आलं नाही. पाण्याऐवजी माणसं आली. सांगलीच्या गावभागातली आत्या तिच्या सगळ्या बिऱ्हाडासह आमच्याकडं होती. भाऊ दिवसभर कुणाला आणायला, कुणाला दूध-औषध पोचवायला बाहेर असे आणि रात्री फोनवर दोनच वाक्यं बोले. एसटीत आईच्या मांडीवर झोपणारा पोरगा त्या आठवड्यात घरचा कर्ता झाला. मला ते पुण्यात बसून आवाजावरून कळलं.

भावाचं लग्न ठरलं २०२३च्या फेब्रुवारीअखेरचं. आम्ही लग्नाला आदल्या दिवशी येणार, असंच सगळे धरून चालले होते. पण आई फोनवर सहज म्हणाली, ‘‘पत्रिका आल्यात. नावं घालायचीत.’’ ते सहज नव्हतं. नवऱ्यानं आणि मी रजा टाकली, मुलांची शाळा बुडवली आणि लग्नाच्या आठवडाभर आधी दोन मुक्कामांसाठी निघालो.

खंबाटकीला मुलं हिरमुसली. त्यांना बोगदा हवा होता. पण तेव्हा बोगदा साताऱ्याकडून पुण्याला येताना लागायचा, जाताना जुना घाटच चढावा लागायचा. भुईंजला मी काच खाली घेतली. धाकटीनं नाणं टाकलं, ते कठड्याला लागून रस्त्यावर पडलं. तिनं दुसरं मागितलं, तोवर पूल संपला होता. ‘‘पुढं परत आहे,’’ मी म्हटलं. साताऱ्यात व्याह्यांसाठी कंदी पेढे घेतले. कराडपर्यंत मुलं झोपली.

पेठ-सांगली रस्ता तेव्हा वाईटच होता. पण फेब्रुवारीत त्या रस्त्याला जे मिळतं ते महामार्गाला मिळत नाही. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद नऊ महिन्यांनी या दिवसांत निघते. आष्ट्यापुढं पाला कापलेली रानं, काढलेल्या कंदांचे ढीग, कुठं शिजवणीची वाफ आणि खळ्यांवर पसरलेली ओली पिवळी हळकुंडं. इथलंच कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र हळदीच्या वाणांवर काम करतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. नवऱ्यानं एका खळ्याशी गाडी थांबवली. तिथल्या मावशींनी मुलीच्या हातावर एक ओलं हळकुंड मोडून ठेवलं. आतला रंग नारिंगीकडं झुकणारा, वास मातीचा. ‘‘मामाच्या हळदीला जातीस व्हय?’’ त्यांनी विचारलं. पोरीचा तळवा पुढं दोन दिवस पिवळा होता.

आयर्विनवर तिचं नाणं पाण्यात पडलं.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी कपाटातून माझ्या लग्नातली आहेराची वही काढली. लांबट, लाल कापडी पाठीची. पहिली पत्रिका सकाळीच सांगलीच्या गणपतीपुढं ठेवून झाली होती. आता बाकीची नावं या वहीवरून घालायची. अण्णा वाचत होते, भाऊ आणि मी लिहीत होतो, आई दुरुस्त्या सांगत होती. ‘‘शिफ्टमधले अमुक, एकावन्न रुपये.’’ आई म्हणाली, ‘‘ते गेले. मुलाच्या नावानं घाला.’’ ‘‘शेजारच्या काकू, स्टीलचा डबा.’’ तो डबा माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी पोहे ठेवते. काही नावांपुढं अण्णा थांबत. कुणाचा कारखाना बंद पडला, कोण गाव सोडून गेलं, कुणाशी बोलणं तुटलं होतं. एका नावाशी ते बराच वेळ गप्प बसले. भाऊ म्हणाला, ‘‘घाला अण्णा. मी स्वतः देऊन येतो.’’ आईनं मान हलवली आणि मी नाव लिहिलं.

बाराच्या पुढं वाजले होते. मुलं आत पत्रिकांच्या रिकाम्या खोक्यांत पाय घालून झोपली होती. आम्ही चौघंच बैठकीत होतो. असे चौघंच किती वर्षांत बसलो नव्हतो. आठवड्यानं त्या घरात नवी सून येणार होती आणि तिच्या येण्याचा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद होता. पण ती येण्याआधी एकदा जुन्या माणसांनी जुन्या वहीशी बसणं गरजेचं होतं. लग्नाच्या दिवशी अण्णा दारात उभे, आई देवकाशी, भाऊ बोहल्यावर. त्या दिवशी माझ्या वाट्याला त्यांच्यातलं कुणीच आलं नाही, आणि ते तसंच असतं.

तुमच्या घरी लग्न असेल तर मांडवाच्या दिवसाची रजा तुम्हाला मिळेलच, ती कुणी नाकारत नाही. भांडायचं ते आठवडाभर आधीच्या दोन दिवसांसाठी. मुलांची शाळा बुडाली तरी बुडू द्या. जा, वही काढायला लावा आणि नावं घाला. पत्रिका लिहायला घरात हात कमीच असतात.