धुंधुरमासांतील धांव

पुण्यास खरी थंडी मार्गशीर्ष सरतां सरतां पडते. सूर्य धनु राशींत असतो तो हा महिना. पंचांगांत त्यास धनुर्मास म्हणतात, घरोघर धुंधुरमास. इंग्रजी तारखांनीं बोलावयाचें तर सुमारें १६ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंतचा हा काळ होय. या दिवसांत उजाडतां उजाडतां देवास नैवेद्य दाखवून सूर्योदयाबरोबर जेवण्याची आपल्याकडील चाल वाचकांस परिचित आहेच. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, वांग्याचें भरीत. हेमंतांत जठराग्नि प्रदीप्त असतो असें आयुर्वेद सांगतो, व ही चाल त्या मतास धरूनच पडलेली दिसते. परंतु साखरझोप मोडून सात वाजतां भाकरी खाण्यास बसणारें घर आमच्या आळींत एकहि उरलें नव्हतें. भूक लागावी असें कांहीं केल्यावांचून पहांटेची भाकरी घशाखालीं उतरत नाहीं, हें त्याचें साधें कारण. ती भूक आणण्याची सोय गेल्या हिंवाळ्यांत आमच्या आळींतील धांवणाऱ्या मंडळींनीं केली. त्याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ही मंडळी म्हणजे कांहीं संस्था नव्हे. तिला नांव नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्ष नाहीं, आणि म्हणूनच बहुधा तिच्यांत फूट नाहीं. एरंडवण्यांत लॉ कॉलेजच्या रस्त्यालगत असलेल्या आमच्या दोनचार इमारतींतील हीं पंधरावीस माणसें. बँकेंतील दोन तरुण, संगणकाच्या कचेऱ्यांतून रात्रीं उशिरा परतणारे तिघेचौघे, एक डॉक्टरीणबाई, दोन गृहिणी, आणि नाताळच्या सुटीमुळें मोकळीं झालेलीं सात मुलें. साठी उलटलेले आम्ही तिघे चालणारे म्हणून त्यांत सामील झालों. शनिवारीं व रविवारीं निघावयाचें. नियम दोनच. पावणेसहाला जो फाटकाशीं नसेल त्याची वाट पाहावयाची नाहीं, हा पहिला. दुसरा असा कीं, जो सर्वांच्या आधीं ठरल्या ठिकाणीं पोंचेल त्यानें तेथें बसून राहावयाचें नाहीं. मागें वळून अगदीं शेवटच्या माणसापर्यंत यावयाचें व त्याच्या संगतीनें पुन्हां वर जावयाचें. अर्थात् ज्याचे पाय चपळ त्यासच अधिक धांवावें लागतें. वर्गांतील हुशार मुलांचें काम लवकर आटोपल्यावर त्यांस काय द्यावें, हा प्रश्न आम्हांस चाळीस वर्षें सतावीत असे. त्याचें इतकें सोपें उत्तर शिक्षणशास्त्राच्या कोणत्याहि पुस्तकांत आम्हांस आढळलें नव्हतें.

पहिल्या शनिवारीं पर्वती झाली. नानासाहेब पेशव्यांच्या वेळचें देवदेवेश्वराचें देऊळ, शंभरावर रुंद पायऱ्या, आणि त्या पायऱ्या दहादहा वेळां चढणारे-उतरणारे नित्याचे व्यायामी लोक. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत बटूच्या वेषानें आलेला शंकर तप करणाऱ्या पार्वतीस, शरीर हें धर्माचें पहिलें साधन आहे, याची आठवण देतो. स्थळमाहात्म्य साधून तो प्रसंग आम्हीं मुलांस पायऱ्यांवरच सांगितला. एका मुलानें लगेच विचारलें, "मग पार्वतीनें तप सोडलें का?" तिनें तें सोडलें नाहीं, असें सांगावें लागलें. डॉक्टरीणबाई मोठ्यानें हंसल्या.

परंतु पर्वती चढण्याची जागा. धांवण्याची खरी जागा वेताळटेकडी. १९२४ सालीं निघालेल्या लॉ कॉलेजच्या मागून एक पायवाट वर जाते. पहिला चढ छातीवर येणारा आहे; तो संपला म्हणजे टेकडीची लांब पाठ लागते व पुढें दगडाच्या जुन्या खाणीवरून वेताळाच्या देवळापर्यंत वाट बहुतेक सपाटीनें जाते. हें देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर असून पुणें शहराच्या हद्दींत याहून उंच जागा नाहीं. पायाखालीं काळा पाषाण. साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले त्यांतलाच हा एक तुकडा. पौषांत टेकडीचें गवत सोन्यासारखें पिंवळें पडलेलें असतें. दिसण्यांत तें सुंदर खरें, पण त्याचीं कुसळें पायमोज्यांत अशीं शिरतात कीं घरीं आल्यावर चिमट्यानें उपटण्यांत अर्धा तास जातो. सालईचीं झाडें निष्पर्ण उभीं असतात. वनखात्यानें लाविलेल्या गिरिपुष्पाच्या राईंतून मोराची केका ऐकूं येते, आणि सातभाईंची टोळी एखाद्या नगरपालिकेच्या सभेसारखी एकाच वेळीं बोलत असते.

टेकडीवर शहरापेक्षां थंडी कमी असते, हें प्रथम ऐकणारास उलटें वाटतें. उंच जावें तसा गारवा वाढावा, हें शाळेंतलें ज्ञान. पण हिंवाळ्यांतील निरभ्र, निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें टाकते. तिला लागलेली हवा निवते, जड होते, व पाण्यासारखी उतारावरून ओघळत खालीं नदीकांठीं व सखल भागांत जाऊन साचते. म्हणून पहांटे खालीं दांत वाजत असतां वर कानटोपी काढावीशी वाटते. याच कारणानें चुलींचा, शेकोट्यांचा व मोटारींचा धूरहि खालींच कोंडून राहतो. वरून पाहिलें म्हणजे शहरावर एक मळकी घोंगडी पांघरलेली दिसते व तिच्यांतून उंच इमारतींचीं डोकीं तेवढीं वर आलेलीं असतात. हिंवाळ्यांत पहांटे धांवावयाचें तर त्या घोंगडीच्या वर जाऊन धांवावें, हा डॉक्टरीणबाईंचा आग्रह त्यामुळें सर्वांस पटला. पुण्याच्या वेधशाळेनें १९३५ च्या जानेवारींत १.७ अंश इतकी थंडी नोंदली होती. त्या मानानें यंदाची नऊदहा अंशांची पहांट म्हणजे निव्वळ बालिकाच; तरी मुलांचीं नाकें लाल होत.

धांवावें किती वेगानें, याविषयीं तरुणांच्या मनगटांवरील घड्याळें पुष्कळ बडबड करीत. नाडीचे ठोके, पावलांची संख्या, किलोमीटरास लागलेलीं मिनिटें. डॉक्टरीणबाईंची कसोटी याहून सुटसुटीत होती: धांवतां धांवतां बोलतां आलें पाहिजे, बोलणें तुटूं लागलें कीं वेग कमी करावा. आम्हीं तिला आमच्या व्यवसायाची जोड दिली. अनुष्टुभाचा आठ अक्षरांचा एक चरण एका श्वासांत सहज म्हणतां आला तर चाल योग्य. मंदाक्रांतेंत चौथ्या, दहाव्या व सतराव्या अक्षरावर विसांवा आहे; चढावर तें वृत्त उत्तम, आणि त्याचें नांवहि आमच्या वयास शोभणारें. मुलांनीं शार्दूलविक्रीडित पसंत केलें. त्यांतील एकोणीस अक्षरें एका दमांत म्हणत चढ चढण्याची पैज लागली, व ती बाराव्या अक्षरापुढें कोणाचीच गेली नाहीं. शाळेंत वृत्तांचीं लक्षणें पाठ करण्यास रडणारीं मुलें यति म्हणजे काय हें फुफ्फुसांनीं शिकलीं!

पहिल्या चढाच्या माथ्यावरून डेक्कन जिमखान्याचा परिसर दिसतो. धांवणारांनीं तिकडे पाहून क्षणभर थांबावें, असा तेथें इतिहास आहे. १९१९ सालीं जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धांवले. त्यांची लांब पल्ल्याची दौड अध्यक्ष दोराबजी टाटा यांनीं पाहिली, आणि हे लोक युरोपियनांच्या बरोबरीस येतील असें त्यांच्या मनानें घेतलें. पुढच्याच वर्षीं, १९२० सालीं, अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू गेले. त्यांतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतींत एकोणिसावे आले. बँकेंतील तरुणाच्या पायांतील बुटांची किंमत ऐकून आम्हांस त्या अनवाणी शेतकऱ्यांची आठवण झाली. ती आम्हीं बोलून दाखविली नाहीं.

या टेकडीच्या अंगावरून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत रस्ता काढण्याची योजना वर्षानुवर्षें चर्चेंत आहे. २०२३ च्या एप्रिलांत पुष्कळ नागरिकांनीं तिच्याविरुद्ध मोर्चा काढला. त्यांत आमच्या आळींतील धांवणारे होते व न धांवणारेहि. खालच्या रस्त्यांवरील कोंडी खोटी आहे असें नाहीं. त्या कोंडींत आम्हीहि अडकतों. पण रस्ता केला तर तोहि कोंडतो, आणि एकदां फोडलेली टेकडी मागून कोणासहि बांधतां येत नाहीं, एवढें तारतम्य शहाण्या माणसानें ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या शेजारीं एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. आळींतील मुलें आम्हांस 'शाळेचे आजोबा' व त्यांस 'टपालाचे आजोबा' म्हणतात. हे गृहस्थ व त्यांची पत्नी तीस वर्षें रोज पहांटे टेकडीवर जात असत. गेल्या आश्विनांत त्या बाई वारल्या. तेव्हांपासून दार बंद. नोव्हेंबरांत पेन्शनीसाठीं हयातीचा दाखला देण्यापुरते ते एकदां जिना उतरले, तेवढेच. फिरा, माणसांत या, मन रमेल, हा उपदेश त्यांस पुष्कळांनीं केला होता. आम्हीं तो केला नाहीं.

सुटींतल्या दुसऱ्या रविवारीं धुंधुरमासाचें जेवण टेकडीवरच न्यावें, ही कल्पना आमच्या मंडळींची. भाकऱ्यांचें ओझें धांवणाऱ्यांच्या पाठीवर नको, तें चालणारांनींच वाहावें असें ठरलें. आणि आम्हां तिघांपैकीं एकाचा गुडघा नेमका त्याच आठवड्यांत दुखावला. आम्हीं शेजारीं जाऊन एवढेंच सांगितलें, "मास्तर, पिशवी उचलावयास एक माणूस कमी पडतें आहे." ते कांहीं बोलले नाहींत. परंतु सायंकाळीं डॉक्टरीणबाई रक्तदाब पाहण्यास गेल्या तेव्हां त्यांनीं निमूटपणें हात पुढें केला. रविवारीं पावणेसहाला दोन मिनिटें असतांना कानटोपी घालून व काठी घेऊन ते फाटकाशीं उभे होते. खिचडीचा डबा असलेली जड पिशवी त्यांनींच उचलली.

चढावर आम्ही चारदां थांबलों. खाणीच्या अलीकडे वाटेच्या कडेस एक बसका दगड आहे. तेथें पोंचल्यावर त्यांनीं पिशवी खालीं ठेविली व दगडाकडे पाहत ते उभे राहिले. बसले मात्र नाहींत. तांबडें फुटलें होतें, सूर्य वर येण्यास फार अवकाश नव्हता. तरी चला म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. इतक्यांत देवळाच्या बाजूनें एक अकरा वर्षांची मुलगी धांवत आली. त्या दिवशीं ती सर्वांत आधीं पोंचली होती व नियमाप्रमाणें शेवटच्या माणसास न्यावयास परतली होती. दगडाची हकीकत तिला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. ती म्हणाली, "टपालाचे आजोबा, तुम्ही शेवटचे आहांत. तुम्हांला घेतल्याशिवाय मला वर जातां येत नाहीं."

त्यांनीं तिच्याकडे पाहिलें, काठी आमच्या हातांत दिली व ते निघाले. पिशवी आम्हीं घेतली. सपाटीवर मुलगी त्यांच्यासाठीं मुद्दाम पाय ओढीत चालली आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें असावें. कारण पुढें पंचवीसतीस पावलें ते धांवले. त्यास धांवणें म्हणावें कीं नाहीं याविषयीं घड्याळवाल्या तरुणांचा मतभेद होईल. आम्हीं पाहिलें तें असें कीं, एका क्षणीं त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले होते. डॉक्टरीणबाई कांहीं न बोलतां त्यांच्या बाजूस जाऊन चालूं लागल्या.

सूर्य वर आला तेव्हां पानें मांडलेलीं होतीं. नैवेद्य घरीं झालाच होता. वेताळालाहि एक भाकरी ठेवावी असें मुलांचें म्हणणें पडलें व ठेविली. ती एका कुत्र्यानें लगोलग पळविली, आणि ती वेताळास पोंचली असें सर्वानुमतें ठरलें. एरवीं पावाच्या तुकड्यावर राहणाऱ्या मुलांनीं दोनदोन भाकऱ्या खाल्ल्या. खरकटें व कागद एका पिशवींत भरून खालीं आणले. पोस्टमास्तरांनीं दीड भाकरी खाल्ली, लोणी मात्र नको म्हणाले. "आमच्याकडे भाकरीवर तिळाची चटणी असे," ते म्हणाले. "ही करीत असे." आश्विनानंतर पत्नीविषयीं ते प्रथमच बोलत होते. भरीत वाढणाऱ्या आमच्या मंडळींचा हात क्षणभर थांबला, आणि त्यांनीं विचारलें, "तीळ भाजून घेत कीं कच्चेच?"

जानेवारींत शाळा उघडल्या, मुलें गेलीं, व मंडळी निम्म्यावर आली. पुढील रविवारीं पोस्टमास्तर कोटाच्या खिशांत एक लहान बरणी घेऊन आले. चटणींत मीठ अंमळ जास्त झालें होतें. बरणी रिकामीच खालीं आली.