अंगठ्याचं नख

आई, तू हे वाचत असशील तर आधीच सांगतो, घाबरू नकोस. बंदुका माझ्या नाहीत. मी फक्त त्यांचे फोटो काढले. तेही आतून!

तर झालं असं. इथे ओहायोत आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. जुन्या लष्करी रायफली जमवायचा त्यांना नाद. गेल्या हिवाळ्यात ते गेले. घराचं छप्पर गळतंय, दवाखान्याची बिलं अजून येतायत, म्हणून आजींनी कपाटातल्या सहा रायफली इंटरनेटवर विकायच्या ठरवल्या. ईबेने 1999 सालीच बंदुकांची विक्री बंद केली, पण बंदुकांसाठी वेगळ्या लिलावाच्या साइट्स आहेत. परराज्यातल्या गिऱ्हाइकाची रायफल परवानाधारकाकडेच पाठवावी लागते. ते सगळं गावातला दुकानदार बघणार होता. माझ्याकडे काम एकच, फोटो.

दस्त्याचे, शिक्क्यांचे फोटो झाले. दुकानदार म्हणाला, "छान आहेत, पण लोक पहिल्यांदा नळी मागतील." बरोबरच आहे म्हणा. लाकूड पॉलिश करता येतं. नळीच्या आत मात्र पीळ दिलेल्या खोबणी असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. त्यांना एकदा गंजाने खड्डे पाडले की ते बुजवता येत नाहीत. दुकानात माणूस नळीला डोळा लावून बघतो. हजार मैलांवरचा माणूस काय करणार? तो आपल्या डोळ्याने बघणार.

बंदुकीच्या तोंडासमोर कधी उभं राहू नये, हा पहिला नियम. इथे तर तोंडासमोरच ट्रायपॉड लावायचा! म्हणून आधी रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासायचं, मग बोल्ट काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. तरीही पहिल्या दिवशी पोटात गोळा आला होता (हा शब्द इथे वापरायला नको होता, असो).

नळीचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. आपोआप फोकस होत नाही, हाताने करावा लागतो. मागून टॉर्च सरळ मारला की प्रकाश नळीभर पसरतो आणि सगळं चांदीसारखं चमकतं. नळीत तेल राहिलं असेल तर आणखीच छान, बारीक खड्डे तेलाखाली बुजून जातात. खरं बघायचं तर नळी कोरडी पुसायची, बोल्टच्या जागी पांढरा कागद तिरका धरायचा आणि टॉर्च त्या कागदावर मारायचा. मग उजेड मवाळ होतो आणि खोबणींच्या कडा, डाग, खड्डे सगळे आपापल्या सावल्या घेऊन पुढे येतात.

हे मला पहिल्या रायफलीच्या वेळी माहीत नव्हतं, असं सांगायला आवडलं असतं. अर्धं माहीत होतं. ती जर्मन माउझर होती, सगळ्यात महागडी. एका फोटोत तोंडापासून वीतभर आत काळपट पट्टा दिसत होता. मी फोकस जरा पुढे आणला, टॉर्च सरळ केला. पट्टा गेला. 'प्रकाशाचा दोष असेल' असं स्वतःला सांगितलं आणि खाली लिहिलं, 'नळी चकचकीत'. आजींचं छप्पर डोळ्यांसमोर होतं ना!

माउझर चांगल्या किमतीला गेली. तीन दिवसांत परत करायची मुभा होती. गिऱ्हाइकाने दुसऱ्याच दिवशी कळवलं. एक ओळ आणि एक फोटो. त्याच्या फोटोत पट्टा होता. पैसे परत गेले, जाण्यायेण्याचा खर्च आजींच्या अंगावर पडला. मी भरतो म्हटलं तर घेतले नाहीत. "तुला काय कळणार त्यातलं, बाळा," म्हणाल्या. ते जास्त लागलं. कारण मला कळलं होतं.

मग उरलेल्या पाचही रायफली पुन्हा काढल्या. त्यातली एक हातात घेतली आणि थबकलोच. दस्त्यापाशी पितळी नव्हे, पोलादी पट्टीवर मुकुट, खाली 'जी.आर.आय.', 'इशापूर' आणि 1943. हुगळीकाठच्या आपल्या कारखान्यातली थ्री नॉट थ्री, ओहायोतल्या कपाटात! सातारा पोलिसांत अण्णांच्या खांद्यावर हीच जात होती. बोल्ट मागे ओढून त्याचं डोकं वर फिरवलं की तो निघतो, हे माझ्या हातांना आपोआप आठवलं.

नळी कोरडी केली, कागद धरला. पाच खोबणी, डावीकडे पीळ आणि आत देवीचे व्रण असल्यासारखे खड्डे. फोटो अण्णांना पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"गरम पाणी घातलं नाही कुणीतरी."

त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत असं रसायन असायचं की बार काढल्यावर नळीत क्षार राहायचा. तो हवेतला ओलावा ओढून गंज आणायचा. नुसत्या तेलाने तो जात नाही, आधी उकळतं पाणी ओतावं लागतं, मग पुलथ्रूने चिंधी ओढायची.

"उजेड कसा पाडलास?"

"पांढऱ्या कागदावरून."

अण्णा हसले. "आम्हाला कागद कोण देणार! तपासणीला साहेब समोरून नळीत बघायचे, तेव्हा आम्ही मागे अंगठ्याचं नख धरायचो. नखावरून उजेड आत जायचा. नख स्वच्छ नसलं तर त्याचीही बोलणी."

मग जरा थांबून म्हणाले, "बाकीच्यांचे पण असेच काढलेस ना?"

"आता काढतोय," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

आजींना तो फोटो दाखवला तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हीच ती. दर रविवारी घासायचे आणि दर रविवारी हिला शिव्या द्यायचे." फोटो तसाच चढवला, खाली लिहिलं, 'नळीत खड्डे आहेत, फोटो बघून घ्या'. किंमत कमी आली. परत आली नाही. माउझरही तिचा काळा पट्टा दाखवूनच दुसऱ्यांदा विकली गेली, पहिल्यापेक्षा बरीच खाली.

छप्पर अर्धंच झालंय. उरलेलं उन्हाळ्यात करायचंय. शिडी धरायला मी जाणार आहे.